पेटी आणि गुरुजी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भामरागड येथील एका शाळेस हार्मोनियम व तबल्याची जोडी अर्पण करण्यात आली. त्या प्रसंगी केलेले भाषण संपादक मंडळाच्या आग्रहावरून येथे लेखरूपाने देत आहे.)



मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी आहे. शिक्षण बी. कॉम.पर्यंत झाले. ताग्यातील सूत हाताला कळते. पण गळ्यातला सूर कळतो, असा दावा मी करणार नाही. तेव्हा संगीतशिक्षकाविषयी बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो योग्यच आहे. विश्वस्त मंडळाने मला उभे केले याचे कारण एवढेच की, गडचिरोली जिल्हा 1982 साली निर्माण झाला, त्याच सुमारास मी प्रथम भामरागडच्या आठवडी बाजारात लुगडी, पंचे आणि चादरींचे गठ्ठे घेऊन आलो. आलापल्लीपासूनचा तो साठ-पासष्ट किलोमीटरचा जंगलरस्ता, पावसाळ्यात फुगलेली पर्लकोटा आणि पूर ओसरेपर्यंत अलीकडच्या तीरावर काढलेल्या रात्री मला आजही आठवतात. या गावाशी माझे नाते गिऱ्हाइकीतून जुळले. पण आज बोलायचे आहे ते गिऱ्हाइकीविषयी नव्हे, एका जुन्या चुकीविषयी.

एक कबुली

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या समितीवर होतो. शाळा कोणती, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. चूक माझी होती. एका दात्याने त्या शाळेला हार्मोनियम दिली होती. फोटो निघाला, हार-तुरे झाले. पुढच्या सभेत एक तरुण गृहस्थ अर्ज घेऊन आले. वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवीत. त्यांच्या मांडीवर बसूनच बोटे पट्ट्यांवर फिरू लागली. पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ते एकेक करीत उत्तीर्ण झाले होते. आठवड्यातून तीन दिवस मुलांना गाणे शिकवीन, जाण्या-येण्याच्या खर्चापुरते मानधन द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. अंदाजपत्रक माझ्यासमोर होते. मी म्हणालो, "वस्तू घेणे हा भांडवली खर्च, तो एकदाच होतो. मानधन हा आवर्ती खर्च, तो दर महिन्याला मागे लागतो. शिवाय गाण्याने मुलांचे पोट भरत नाही." सभेने माझे ऐकले. गृहस्थ नमस्कार करून निघून गेले. पेटी कपाटात गेली आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. चार पावसाळ्यांनंतर झेंडावंदनासाठी ती बाहेर काढली, तेव्हा भात्याला उंदरांनी भोके पाडली होती, दमटपणाने लाकूड फुगून पट्ट्या खाली बसल्या होत्या, आणि एक स्वर दाबला की दोन वाजत होते.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले की मी हिशेब चुकलो. गुरुजींचे मानधन वाचविण्यासाठी मी पेटीची सर्व किंमत बुडीत खात्यात घातली होती, आणि मधल्या काळात शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांचे काय बुडाले, याची तर नोंदच कोणत्या वहीत नव्हती.

पुढे काही वर्षांनी तेच गृहस्थ मला दुसऱ्या गावी भेटले. एका वाड्याच्या ओसरीवर वीसेक मुले घेऊन बसले होते. एक मुलगी पुनःपुन्हा पंचम चुकत होती. गुरुजी प्रत्येक वेळी पेटीवर तो स्वर धरून तिच्याकडे नुसते हसून पाहत होते. सहाव्या का सातव्या वेळी तिचा सूर लागला, तेव्हा मुलीपेक्षा गुरुजींचाच चेहरा अधिक उजळला. वर्ग संपल्यावर मी संकोचाने विचारले, "यात आपल्याला काय मिळते?" ते म्हणाले, "शेठजी, मोठा माणूस बेसूर झाला की कारणे सांगतो. मूल बेसूर झाले की पुन्हा म्हणून बघते. त्या 'पुन्हा'साठी मी येतो."

ते शब्द मी विसरलो नाही. संगीतशिक्षक कोठून येतो आणि मुलांत का रमतो, याचा त्यानंतर मी माझ्या परीने शोध घेतला, आणि तो शोध मला कुरुंदवाडपर्यंत घेऊन गेला.

कुरुंदवाडचा मुलगा

आज आपण गावोगावी संगीताचे वर्ग पाहतो. ठरलेली वेळ, ठरलेली फी, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा हे सारे आपल्याला स्वाभाविक वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी ते तसे नव्हते. गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी राहावे, पाणी भरावे, सेवा करावी, आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा एखादी चीज पदरात पडावी. विद्या घराण्याची ठेव होती आणि तिचे गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक. ही तिजोरी सामान्य घरांतील मुलांसाठी उघडण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे झाला. मूळ आडनाव गाडगीळ; पलूस गावचे म्हणून पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते, त्यामुळे गाणे, कथा आणि श्रोत्यांचा समुदाय या तिन्ही गोष्टी मुलाने घरातच पाहिल्या. बालपणी उत्सवातील दारूकाम तोंडाजवळ उडाले आणि त्याच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी मंद झाली, शालेय शिक्षणाची वाट बंद झाली. आज जे हजारो मुलांच्या शाळेचे जनक मानले जातात, ते स्वतः शाळेतून असे अकाली बाहेर पडलेले होते.

मिरजेला गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. बाळकृष्णबुवांनी स्वतः अपार कष्ट सोसून ग्वाल्हेरची गायकी मिळविली आणि महाराष्ट्रात आणून रुजविली. अशा गुरूजवळ विष्णुबुवांनी अनेक वर्षे मेहनत केली. गळा तयार झाला, मिरज दरबाराचा आश्रयही होता. तेथेच राहिले असते तर सुखाने आयुष्य गेले असते. पण गवयाच्या गाण्याला मान आणि गवयाला मात्र मान नाही, ही गोष्ट त्यांना सलत होती. 1896 साली त्यांनी मिरज सोडली. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, दिल्ली, पंजाब असा प्रवास करीत, तिकीट लावून जाहीर जलसे करीत ते उत्तरेकडे गेले. गाणे ऐकण्यासाठी राजाचे आमंत्रण लागत नाही, तिकिटाचे पैसे पुरतात, ही गोष्ट आज साधी वाटते. त्या काळी ती मोठी होती. आम्हा व्यापाऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी घाऊक मोजक्या गिऱ्हाइकांचा माल किरकोळ दुकानात आणून सर्वांसाठी मांडला.

रिकाम्या वर्गातला तंबोरा

5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. दरबाराच्या आश्रयावर न विसंबता, लोकांच्या पाठबळावर आणि जलशांच्या उत्पन्नावर ते उभे राहिले. आरंभीच्या दिवसांत विद्यार्थीच आले नाहीत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. तरी वर्गाची वेळ झाली की ते तंबोरा घेऊन बसत आणि वेळ संपेपर्यंत एकटेच रियाज करीत. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. नवे दुकान उघडले की पहिले काही दिवस गिऱ्हाईक येत नाही. तरीही वेळेवर फळी उघडावीच लागते. दुकान वेळेवर उघडते, ही खात्री पटल्यावरच गाव पायरी चढते. लाहोरचे गावही चढले.

मुलांना शिकविण्यासाठी त्यांनी तयारी कशी केली, ते पाहण्यासारखे आहे. स्वर आणि ताल कागदावर लिहिण्याची स्वतःची लिपी बसविली. अगदी लहानांसाठी 'संगीत बालप्रकाश', 'संगीत बालबोध' अशी क्रमवार पुस्तके काढली. पुस्तके छापण्यासाठी छापखाना घातला. 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक चालविले. मुलांच्या तोंडी शोभणार नाहीत असे शब्द बंदिशींतून बाजूला केले आणि भक्तिपर, देशपर पदे घातली. ज्याची स्वतःची दृष्टी मंद, त्याने दुसऱ्यांच्या मुलांसाठी अक्षरे आणि खुणा कागदावर उमटविल्या. ज्याला चीज मिळविण्यासाठी गुरूगृही वर्षे घालवावी लागली, त्याने तीच चीज पाठ्यपुस्तकात घालून कोणाही मुलाच्या दप्तरात ठेवली. गुरूविषयीचा आदर न सोडता गुरूची पद्धत बदलण्याचे हे धैर्य होते.

होतकरू मुलांसाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. मुलगा दीर्घ काळ विद्यालयात राहील, त्याचे जेवण-राहणे विद्यालय पाहील, आणि तयार झाल्यावर तो इतरांना शिकवील, अशी ती योजना होती. केवळ गवई घडवून ते थांबले नाहीत. शिक्षक घडविण्याची सोय त्यांनी केली. 1907 साली मिरजेचा एक नऊ वर्षांचा मुलगा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन लाहोरला गेला. नऊ वर्षांचा! आजच्या आगगाडीनेही तो प्रवास लांबचा वाटावा. त्या मुलाचे नाव विनायक पटवर्धन. भडोचकडचा, गरिबीमुळे लहानपणीच काबाडकष्टास जुंपलेला एक मुलगा एका पारशी दानशूराच्या मदतीने मुंबईच्या शाखेत दाखल झाला. तो ओंकारनाथ ठाकूर. बंधूंनो, त्या पारशी गृहस्थांनी पेटी दिली नाही. त्यांनी मुलाला गुरूपर्यंत पोहोचविले. दोन दानांतील हे अंतर आपण आज लक्षात घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

विष्णुबुवा शिस्तीचे कडक होते. पण त्यांच्या घरातील एक गोष्ट वाचल्यापासून त्या शिस्तीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. त्यांना बारा अपत्ये झाली आणि त्यांपैकी अकरा बालपणीच गेली. एकटे दत्तात्रेय, 1921 साली जन्मलेले, तेवढे राहिले. ज्या माणसाच्या स्वतःच्या अंगणातील आवाज एकामागून एक असे थांबत गेले, तो दररोज सकाळी इतरांच्या मुलांसमोर बसून 'सा' लावीत होता. त्यांच्या मनात काय होते ते आपण सांगू शकत नाही. पण मुलांकडे पाठ फिरविण्यास ज्याला सर्वांत अधिक कारण होते, त्याने मुलांतच आपले आयुष्य घालविले, एवढे आपल्यासमोर आहे. आनंद हा शब्द आपण सहज वापरतो. असा आनंद दुःखाची किंमत मोजून घेतलेला असतो.

एका शाळेचा ताळेबंद

1908 साली महाविद्यालयाची मुंबईची शाखा निघाली. पुढे स्वतःची इमारत झाली, तिच्यासाठी कर्ज झाले, आणि जलशांतून ते फिटेना. 1924 साली ती इमारत हातची गेली. विष्णुबुवांचा मुक्काम नंतर नाशिकच्या आश्रमात होता. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस त्यांनी देह ठेवला. दत्तात्रेय त्या वेळी अवघे दहा वर्षांचे होते.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मी हा ताळेबंद मांडून पाहिला. इमारत गेली, शिल्लक नाही, वारस अज्ञान. माझ्यासारख्या हिशेबनिसाने येथे "संस्था बुडाली" असा शेरा मारला असता. पण दुसऱ्या बाजूस काय जमा होते?

विनायकराव पटवर्धन त्या वेळी गंधर्व नाटक मंडळीत नट म्हणून नावाजलेले होते. 1932 साली त्यांनी रंगभूमी सोडली आणि पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूंच्या पोरक्या मुलाला त्यांनी आणि नारायणराव व्यासांनी शिकविले. तो मुलगा 1935 साली, चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायला आणि पंडित द. वि. पलुस्कर म्हणून देशभर गाजला. 'बैजू बावरा' चित्रपटातील जुगलबंदीत अमीर खाँसाहेबांबरोबरचा आवाज त्यांचाच. 1955 साली, ऐन चौतिसाव्या वर्षी ते गेले. पण ध्वनिमुद्रिकांतून ते आजही आपल्या घरी गातात. ओंकारनाथ ठाकूर यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाची धुरा वाहिली. बी. आर. देवधर यांनी 1925 साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले. 1936 साली त्या शाळेत बेळगावकडचा एक बारा वर्षांचा मुलगा आला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका तो हुबेहूब गाई आणि लोक थक्क होत. देवधर मास्तरांनी त्या कौतुकावर त्याला थांबू दिले नाही. निरनिराळ्या घराण्यांचे गाणे त्याच्या कानावर घातले, नकलेच्या मागचा विचार दाखविला. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. मुलाला टाळ्या मिळत असताना त्याला पुन्हा 'सा' पासून बसविणे, हे संगीतशिक्षकच करू जाणे.

आपल्या विदर्भातही ही जमा बाजू आहे. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्या संगीत विद्यालयात दोन मुले शिकत होती. एकाचे नाव राम चितळकर. ते पुढे संगीतकार सी. रामचंद्र झाले. दुसरे वसंतराव देशपांडे. वडिलांचा आधार नसताना आईने नोकरी करून त्यांना वाढविले. वसंतरावांनी पुढे अनेक वर्षे लष्करी हिशेब खात्यात चाकरी केली आणि गाणे सांभाळले. आकड्यांचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विशेष आनंद देते. एकाच गुरूजवळ बसलेली ही दोन मुले दोन वेगळ्या वाटांनी गेली. कारण चांगला मास्तर मुलाला आपल्यासारखा करीत नाही, त्याचे त्याला सापडू देतो.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ 1931 साली, गुरूंच्या पश्चात, शिष्यांनी उभे केले. त्याच्या 'प्रारंभिक' परीक्षेला बसणारी लहान मुले आज गावोगावी दिसतात. त्यांतील फार थोडी गवई होतील. विष्णुबुवांची त्याला हरकत नव्हती. तानसेन घडले नाहीत तरी कानसेन घडावेत, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. ऐकण्याची सवय लागलेला कान पुढे आयुष्यभर कामाला येतो. घरात, सभेत, आणि मी अनुभवाने सांगतो, दुकानातही.

भामरागडची मुले

आता मी आपल्या गावाकडे वळतो. येथून अगदी जवळ हेमलकसा आहे. 1973 साली बाबा आमटे यांनी तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो आपल्या आयुष्याने वाढविला. 1976 साली तेथे आश्रमशाळा निघाली. मुलांना माडिया येत होती, शिक्षकांना मराठी. आणि माडिया ही द्राविडी कुळातील भाषा असल्याने एका भाषेचा शब्द दुसरीच्या मदतीला येत नव्हता. अशा आरंभातून त्या शाळेने पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक घडविले, हे आपण सारे जाणतो.

त्या काळी मी बाजारात दुकान मांडीत असे. रिकाम्या झालेल्या पत्र्याच्या ट्रंकेवर तीन-चार मुले येऊन बसत आणि बोटांनी ताल धरीत. एक जण धरी, दुसरा त्यात भर घाली, तिसरा हलक्या आवाजात गाऊ लागे, आणि बाकीचे ओळ उचलीत. कोणी कोणाला खुणावलेले मला दिसले नाही; तरीही सर्व एकाच वेळी थांबत. माझ्या मापात व्यत्यय येतो म्हणून मी त्यांना हाकलीत असे. आज वाटते, त्या गर्दीत खरे माप त्यांचेच बिनचूक होते.

हे त्यांना कोणी शिकविले? त्यासाठी गोटुलाकडे पाहावे लागते. संध्याकाळी गावातील तरुण मुले-मुली तेथे जमत, ढोल वाजे, रेला गीतांवर पावले पडत आणि लहानगे कडेला बसून पाहता पाहता शिकत. पंडुम असो वा लग्न, गाणे सर्वांचे. तेथे गाणारा एकीकडे आणि ऐकणारा दुसरीकडे अशी विभागणी नसते. विष्णुबुवांना जे गाणे दरबारातून बाहेर काढून लोकांत आणावे लागले, ते येथे लोकांतून कधी बाहेर गेलेच नव्हते.

म्हणून या शाळेत येणाऱ्या संगीतशिक्षकाचे काम लाहोरपेक्षा वेगळे आहे. त्याने मुलांना गाणे येत नाही असे समजून आरंभ करू नये. पहिले काही महिने त्यानेच मांडी घालून बसावे आणि मुलांनी गावे. गावातील वडीलधाऱ्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे. आणखी एक सांगतो. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या असतात. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिच्यातून निघत नाही. मुलांच्या गाण्यातील एखादी जागा पेटीवर बसली नाही, तर मुलाचा सूर चुकला असे म्हणू नये. कापड अंगाप्रमाणे बेततात. कापडाप्रमाणे अंग कोणी कापीत नाही.

मग मुलाने त्या गुरुजींकडून शिकायचे काय, असे आपण विचाराल. पुष्कळ आहे. मराठी ज्याच्या कानाला परकी आहे, त्या मुलाच्या जिभेवर कवितेच्या चालीने तिचे शब्द लवकर बसतात. वर्गात उत्तर द्यायला घाबरणारे मूल समूहात मोकळेपणी गाते आणि एके दिवशी एकटेही गाते. आपले गाणे लिहून ठेवता येते, हे त्याला कळले तर आजीचे गाणे आजीबरोबर जाणार नाही. स्वरलिपी हे विष्णुबुवांच्या पिढीने दिलेले साधन भामरागडच्या आजीच्या गाण्यालाही तितकेच उपयोगी आहे.

आपल्या समाजालाही हे नवीन नसावे. 'संगीतसमयसार' हा संगीतशास्त्रावरील ग्रंथ पार्श्वदेव या जैन ग्रंथकाराचा आहे. आपली मुले आज स्तवन गातात ती कोणीतरी, कधीतरी, वेळ काढून शिकविली म्हणूनच. शास्त्रदानाचे पुण्य आपण मानतो. सूर हेही शास्त्रच आहे.

एक विनंती

आज आपण पेटी आणि तबला दिला. फोटोही निघाला. आता मी पुन्हा त्याच जागी उभा आहे जेथे पूर्वी चुकलो होतो, आणि पुन्हा तसेच घरी जाण्याची माझी इच्छा नाही. म्हणून विश्वस्त मंडळासमोर मी जाहीरपणे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, अंदाजपत्रकात संगीतशिक्षकाच्या मानधनाचे स्वतंत्र खाते उघडावे आणि ते किमान पाच वर्षे चालवावे. पहिल्या वर्षाचा भार मी माझ्या दुकानातून उचलीन. तो दान म्हणून नव्हे, जुनी थकबाकी म्हणून लिहावा. दुसरी, शक्य तो शिक्षक याच परिसरातील, माडिया जाणणारा निवडावा. तसा तयार नसेल तर येथील एखाद्या होतकरू मुलाला शिकवून तयार करावे. उपदेशक वर्गाचा धडा हाच आहे. तिसरी, ही पेटी कपाटात राहू नये. येथील पावसात तबल्याची पुडी ढिली पडते, पेटीचे लाकूड फुगते. रोज हाताळलेले वाद्य टिकते, कुलुपातले सडते. तिची किल्ली गुरुजींजवळ असावी, आणि गुरुजी नसतील त्या दिवशी मुलांजवळ. एखादी पट्टी तुटली तर दुरुस्तीचे बिल आमच्याकडे पाठवावे; ते बिल पाहून मला समाधानच वाटेल.

स्पर्धा, ढाली आणि बक्षिसे यांची घाई मात्र करू नये. वर्षाच्या अखेरीस आम्ही येऊ तेव्हा मुलांनी आम्हाला एक गाणे त्यांचे आणि एक गुरुजींचे ऐकवावे. एखाद्या मुलाचा सूर चुकला तर आम्ही थांबू. ते पुन्हा म्हणेल.

बालमित्रांनो, तुमच्या वडिलांच्या वयाची जी मुले माझ्या ट्रंकेवर ताल धरीत होती आणि ज्यांना मी हाकलले, ती आज कदाचित याच मंडपात पालक म्हणून बसली असतील. त्यांची मी क्षमा मागतो. ती ट्रंक अजून माझ्या दुकानात आहे. पुढच्या खेपेस घेऊन येईन. तिच्यावर बसा आणि वाजवा.

 

जय जिनेंद्र. जोहार.